उमेदवारांना विचारलेला प्रश्न

यंदा आमच्या सोलापुरांत संक्रांत, श्रीसिद्धेश्वराची यात्रा आणि महानगरपालिकेची निवडणूक हीं तिन्ही एकाच आठवड्यांत आलीं. १४ जानेवारी २०२६ रोजीं संमति कट्ट्यावर अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवशीं, १५ तारखेस, आमच्या बोटांना शाई लागली. ज्यांना सोलापूर ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं एवढें सांगतों कीं, यात्रेच्या त्या दिवसांत बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज तोलीत मिरवणुकीनें निघतात, आणि त्यांच्या मागून हजारों माणसें रस्त्याच्या मधोमध पायीं चालतात. वाहनें थांबून राहतात. वर्षांतून हे तीन-चार दिवसच असे, कीं ज्या दिवशीं आमच्या शहरांत पायीं चालणाराला रस्ता मिळतो. उरलेल्या तीनशें साठ दिवसांविषयीं उमेदवारांचें म्हणणें काय आहे, हें मीं या निवडणुकींत जरा नेटानें विचारून पाहिलें. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. उमेदवारांचीं किंवा पक्षांचीं नांवें मी घेणार नाहीं. तें या जागेवरून योग्यहि नव्हे, आणि खरें सांगावयाचें तर उत्तरांवरून पक्ष ओळखूं यावा इतका फरकहि मला आढळला नाहीं.

मी मॅट्रिक झालेला, पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलेला माणूस. वाहतुकीचें शास्त्र मीं कोठें अभ्यासिलेलें नाहीं. मग हा नसता उद्योग कां, असें आपण विचाराल. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. गणितांत यथातथाच, पण अक्षर मोत्यासारखें. एके दिवशीं शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडतांना तो एका मालमोटारीखालीं सांपडला. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत हजेरी घेतली. नांवें पाठ झालेलीं असल्यामुळें जीभ आंवरण्यापूर्वींच त्याचें नांव माझ्या तोंडून निघून गेलें, आणि मागच्या बांकावरून कोणीतरी संवयीनें ‘हजर’ म्हणालें. मुलें हंसलीं नाहींत. पुढें चौकशी झाली, वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या, आणि शाळेसमोर रस्त्यावर पांढरे पट्टे ओढण्यांत आले. एका पावसाळ्यांत ते पुसले गेले. ते पुन्हां ओढलेले मीं निवृत्त होईपर्यंत तरी पाहिले नाहींत.

आतां माझी नात पांचवींत आहे. विजापूर रस्त्यानजीकच्या आमच्या वसाहतीपासून तिची शाळा चालत अकरा मिनिटांवर आहे. मीं घड्याळ लावून मोजलें आहे. या अकरा मिनिटांत सलग चालण्याजोगा पदपथ जेमतेम दोन मिनिटांचा. पुढें पदपथावर विजेची पेटी येते, मग एक गॅरेज, मग कोणाची तरी मोटार, मग उघडी गटार, आणि त्यानंतर पदपथच संपतो. तेव्हां दारीं येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास मीं एकच प्रश्न विचारावयाचें ठरविलें : “घरापासून शाळेपर्यंत माझ्या नातीनें कोठून चालावें?”

आमच्या महानगरपालिकेंत १०२ जागा आणि २६ प्रभाग. दोन प्रभागांतून तिघे व बाकीच्यांतून चौघे निवडून येतात. मतदारानें एकाच वेळीं चार मतें द्यावयाचीं. या पद्धतीचे गुण जाणत्यांनीं सांगावे. मला तिचा एक परिणाम मात्र प्रत्यक्ष अनुभवास आला : कोणत्याहि कामाविषयीं विचारलें कीं तें उरलेल्या तिघांपैकीं कोणाचें तरी असतें. त्यांतून २०१७ च्या निवडणुकीनें आलेल्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर जवळजवळ चार वर्षें महानगरपालिका प्रशासकाच्या हातीं होती. म्हणजे रस्त्याविषयीं ज्याच्या दाराशीं जाऊन भांडावें असा माणूसच या काळांत आम्हांला नव्हता. त्यामुळें या खेपेस उमेदवार दिसले तेव्हां, लपविण्यांत काय अर्थ, मला थोडा आनंदच झाला होता.

पहिला आला तो एक उत्साही तरुण. त्यानें माझा प्रश्न पुरता ऐकूनहि घेतला नाहीं. “गुरुजी, शहरांतून जड वाहनें आम्ही बंदच करणार. शिवाय दोन उड्डाणपूल.” माझ्या वर्गांतल्या त्या मुलाची आठवण होऊन मला क्षणभर बरें वाटलें. जड वाहनांची पीडा आमच्याकडे खरोखरच मोठी आहे. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, धुळ्याहून येऊन विजयपुराकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, आणि रत्नागिरी-कोल्हापुराकडून येणारा १६६ क्रमांकाचा, असे तीन मोठे मार्ग सोलापुरास येऊन मिळतात. व्यापाराला हें वरदान असलें तरी शाळेच्या वेळेला तें नकोसें होतें. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या ११५ व्या कलमान्वयें अमुक रस्त्यावर अमुक वाहनांना बंदी करण्याचा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याचा आहे. आमच्या शहरांत हे काम पोलीस आयुक्तांकडे येतें. नगरसेवक अर्ज करूं शकतो, ठराव करूं शकतो, ओरड करूं शकतो. बंदी करूं शकत नाहीं. उड्डाणपुलांचेंहि तेंच. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन पुलांची चर्चा भूसंपादनाच्या घोळांत आम्ही कित्येक वर्षें ऐकली. ती गोष्ट महामार्ग खात्याची. आणि समजा, ते पूल उद्यां उभे राहिले, तरी माझी नात कांहीं उड्डाणपुलावरून शाळेंत जाणार नाहीं. पूल वरून जाणाराच्या सोयीचा. खालून चालणाराचें काय, हा प्रश्न पूल बांधून झाल्यावरहि शिल्लक राहतो. शंभर वर्षांचा दमाणीनगरचा रेल्वेपूल डिसेंबर २०२५ मध्यें पाडण्यांत आला, तेव्हां वर्तमानपत्रांतून वाहनांनीं कोठून वळावें याची माहिती आली. पायीं जाणारानें कोठून जावें, हें मला तरी कोठें वाचावयास मिळालें नाहीं.

दुसरे गृहस्थ जुने, मुरलेले. त्यांनीं प्रश्न शांतपणें ऐकला आणि खिशांतून वही काढली. “कोणत्या कोपऱ्यावर पाहिजे तें सांगा. तीन गतिरोधक टाकून देतों.” जणूं काय घरपोंच भाजी! या गतिरोधकांविषयीं मला दोन शब्द अधिक बोलूं द्या, कारण आमच्या शहरांत नगरसेवकाची कर्तबगारी पुष्कळदां याच मापानें मोजली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसनें त्यांचें माप ठरवून दिलेलें आहे. सामान्य वाहतुकीसाठीं गोलाकार उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर. अशा उंचवट्यावरून ताशीं पंचवीस किलोमीटर वेगानें गेलेल्या गाडीला फारसा धक्का बसत नाहीं, आणि अधिक वेगानें जाणाराला चांगला बसतो. त्याचें मर्म एवढेंच. आमच्या गल्लींतला उंचवटा मीं शाळेच्या मीटरपट्टीनें मोजला. रुंदी हातभर आणि उंची वीतभर. त्यावर पांढरा रंग नाहीं, अलीकडे पाटी नाहीं. रात्रीं नवखा स्कूटरवाला त्यावर उडतो आणि त्याच्या मागें बसलेली बाई पडते. वेग आंवरण्यासाठीं केलेली वस्तूच अशा रीतीनें अपघाताचें कारण बनते. गृहस्थांना मीं मापें सांगितलीं. ते म्हणाले, “गुरुजी, इतकें कोण मोजतो?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, कारण मोजणारा मीच होतों.

तिसऱ्या उमेदवारानें जें विचारलें तें ऐकून मी थक्क झालों. “मुलीला पायीं कां पाठवतां? व्हॅन लावा कीं.” तो वाईट मनानें बोलला नाहीं. त्याच्या मतें चालणें ही एक अडचण होती आणि पैसे भरून ती दूर करतां येत होती. पण श्रोतेहो, चालणारा माणूस हा रस्त्यावरचा उपरा आहे ही समजूतच आम्हांला भोंवते आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें छापलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पायीं चालणारे ३२,८२५ होते आणि दुचाकीवरचे ७४,८९७. म्हणजे सरासरीनें दररोज नव्वद माणसें केवळ पायीं चालतांना मेलीं. दोन वर्गांतलीं मुलें मावतील एवढीं. सर्वोच्च न्यायालयानें १४ मे २०२५ रोजीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, चालण्याजोगा पदपथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचाच भाग होय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट तरी हवी, आणि कडेची उंची सहा इंचांहून अधिक नको, नाहीं तर म्हातारा माणूस त्यावर चढणार कसा? व्हॅन लावावयास सांगणाऱ्या त्या तरुणाला मीं हें सर्व सांगितलें. त्यानें नम्रपणें नमस्कार केला आणि पुढच्या घरीं गेला.

नंतर मोफत बसप्रवासाचें आश्वासन आलें. बायकांना मोफत, विद्यार्थ्यांना मोफत, माझ्यासारख्या वृद्धांनाहि मोफत. मीं विचारलें, “बस कोठें आहे?” कारण माझ्या लहानपणीं ज्या नगरपालिकेच्या बसनें आम्ही आजोळीं जात होतों, तिच्या गाड्या गेल्या कांहीं वर्षांत इतक्या रोडावल्या कीं थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे लोक सहानुभूतीनें पाहूं लागले. येथें थोडें अंकगणित करूं. जुनी खोड आहे, क्षमा असावी. केंद्र सरकारच्या २००९ सालच्या मापदंडाप्रमाणें दर हजार वस्तीमागें ०.६ बस असली तर ती सेवा उत्तम, आणि ०.२ हूनहि कमी असली तर ती सर्वांत खालच्या प्रतीची. २०११ च्या खानेसुमारींत सोलापूरची वस्ती ९,५१,५५८ होती. त्या हिशेबानें उत्तम सेवेला ५७१ गाड्या हव्यात, आणि निकृष्टांतून वर यावयास निदान १९१. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या केंद्राच्या ई-बस योजनेंत सोलापूरच्या वाट्याला १०० गाड्या आल्या. म्हणजे हजारीं ०.१ च्या किंचित् वर! गाड्या चांगल्या असतात, धूर नाहीं, आवाज नाहीं. त्यांचें स्वागतच आहे. पण त्या फुकट चालत नाहींत. ठेकेदाराला दर किलोमीटरमागें पैसे द्यावे लागतात. त्यांतला कांहीं भाग दहा वर्षें केंद्र देणार आणि बाकीचा तिकिटांतून किंवा महानगरपालिकेच्या तिजोरींतून यावयाचा. तिकीटच माफ केलें तर ती रक्कम कोणत्या खात्यांतून काढणार, असा माझा सवाल होता. मोफत प्रवासाला माझा विरोध नाहीं. ज्या बाईला रोज दोनदां रिक्षाचें भाडें मोजावें लागतें तिच्या दृष्टीनें ती मोठी गोष्ट आहे. परंतु शून्य गाड्यांचें शून्य तिकीट, हें गणित चौथींतल्या मुलालाहि फसवूं शकणार नाहीं.

या सर्वांत मला एकच उमेदवार अशी भेटली कीं जिनें कोणतेंहि आश्वासन न देतां वेळापत्रक सांगितलें. ती विडी कामगार घरांतली बाई. तिचें मराठी तेलुगु वळणाचें. आमच्या पूर्वभागांत असें मराठी कानाला गोड लागतें. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्या नात्यांतल्या बायका कुंभारीला राहायला गेल्या. घर मिळालं, पण ब्रँच इकडंच राहिली.” श्रोत्यांपैकीं ज्यांना हें ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं २००६ सालीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि त्यापुढें तीस हजार घरांची रे नगर वसाहत. तिच्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजीं देण्यांत आल्या. असंघटित कामगारांसाठीं एवढें मोठें काम देशांत क्वचितच झालें असेल. पण वसाहत शहराबाहेर, आणि वळलेल्या विड्या देऊन नवीं पानें व तंबाखू घेण्यासाठीं बायकांना कारखान्याच्या ब्रँचवर यावयाचें असतें. सकाळीं अमुक वाजतां गाडी मिळाली नाहीं तर माल घ्यावयाची वेळ टळते, दिवसाची मजुरी बुडते. मग एका रिक्षांत दाटीवाटीनें आठ-नऊ बायका बसतात. त्यांतून एखादी रिक्षा कलंडली कीं आम्ही चालकाला दोष देतों. तिच्याजवळ कागद होता : किती बायका, कोणत्या वेळीं, कोणत्या नाक्यावरून. “हद्दीबाहेर गाडी जात नाहीं, असं म्हणतात. हद्द बायकांनी ठरविली का?” असें ती म्हणाली. ती आमच्या प्रभागांतली नव्हती. ओळखीच्या एका घरीं आली होती. तिला माझें मत देतां आलें नाहीं. ती निवडूनहि आली नाहीं.

हद्दीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. १९९२ च्या मे महिन्यांत भोंवतालचीं गांवें शहरांत घेतलीं गेलीं, आणि सुमारें ३३ चौरस किलोमीटरांचें सोलापूर एका दिवसांत १७८ चौरस किलोमीटरांचें झालें. अजूनहि आम्ही त्या प्रदेशाला ‘हद्दवाढ भाग’ म्हणतों. चौतीस वर्षें झालीं तरी नवी सून ती नवीच! शहर पांचपट झालें, माणसें लांब राहावयास गेलीं, आणि बस मात्र कमी झाली. मग प्रत्येक घरीं एक दुचाकी आली, मग दोन आल्या. ज्याच्या पगाराला दुचाकी परवडत नव्हती त्यानेंहि ती हप्त्यानें घेतली, कारण कामावर जाण्याचा दुसरा मार्गच नव्हता. रस्त्यावर मरणारांत दुचाकीवरचे इतके कां, याचें एक उत्तर आमच्या बसच्या डेपोंत सांपडतें.

आतां नगरसेवकाच्या हातीं खरोखर काय आहे? महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा. त्याच्या ६३ व्या कलमांत महानगरपालिकेचीं आवश्यक कर्तव्यें सांगितलीं आहेत. रस्ते बांधणें व दुरुस्त ठेवणें, त्यांवर दिवे लावणें, रस्त्यांतले अडथळे दूर करणें, हीं सर्व त्यांत येतात. बससेवा मात्र ६६ व्या कलमांत, ऐच्छिक कर्तव्यांत आहे. करावी, न करावी! गेल्या शतकाच्या मध्यावर, माणसें पायीं गिरणींत जात होतीं तेव्हां, हें कदाचित् चालून गेलें असेल. म्हणून बस चालवावयाची कीं नाहीं, हें दर वर्षीं अंदाजपत्रकाच्या सभेंत ठरतें, आणि तेथें हात वर करणारे हेच १०२ जण असतात. पदपथ, दिवे, खड्डे आणि बसचा पैसा या चार गोष्टी सर्वस्वीं त्यांच्या कक्षेंतल्या. गंमत अशी कीं, माझ्या दारीं आलेल्यांपैकीं बहुतेकांनीं ज्या गोष्टी त्यांच्या हातच्या नाहींत त्यांचीं वचनें दिलीं, आणि ज्या हातच्या आहेत त्यांविषयीं मौन पाळलें. मीं पुष्कळ विचार केला तेव्हां त्यांतली मेख ध्यानांत आली. दुसऱ्याच्या हातची गोष्ट झाली नाहीं तर दोष दुसऱ्याला देतां येतो.

खड्ड्यांच्या बाबतींत मात्र आतां मौन महाग पडण्याचा संभव आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, खड्ड्यामुळें किंवा उघड्या गटारामुळें माणूस मेला तर त्याच्या वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमी झाला तर पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई रस्ता ज्याच्या ताब्यांत आहे त्या संस्थेनें द्यावी, व पुढें जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून ती वसूल करावी. माझ्या ओळखींतल्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना या निर्णयाची गंधवार्ताहि नाहीं. उमेदवारांपैकीं एकालाच ती होती, आणि तो वकील होता.

हें सर्व दुसऱ्यांविषयीं झालें. त्या तरुणाला पदपथाचीं मापें सांगून मी घरांत परतलों तेव्हां माझें लक्ष आमच्याच फाटकाकडे गेलें. मुलाची स्कूटर आंत घेण्यासाठीं आम्हीं बारा वर्षांपूर्वीं सिमेंटचा उतार बांधला आहे. तो पदपथावर अडीच फूट पुढें आला होता. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यावरून चाललों, पण तो मला कधीं दिसला नाहीं. शेजाऱ्यांचा ओटा मात्र मला रोज दिसत होता! गवंडी बोलावून तो उतार मीं छाटून घेतला. स्कूटर आतां जरा जोर लावून चढवावी लागते, मुलगा कुरकुरतो. शिरस्त्राणाविषयींहि तसेंच. प्रचाराच्या दुचाकी-फेऱ्यांत एकाहि डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें, आणि आम्ही गच्चींतून हात हालवून त्यांना शुभेच्छा देत होतों. तें न घातल्यामुळें २०२२ सालीं पन्नास हजारांवर माणसें मेलीं, असें तेच सरकारी पुस्तक सांगतें.

निवडणूक झाली, निकाल १६ तारखेस लागला, गड्ड्यांतले पाळणे यथावकाश उतरले. आमच्या प्रभागांतून चौघे निवडून आले आहेत. त्या चौघांच्या नांवें मीं एकच अर्ज लिहिला आहे. त्यांत घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा हातानें काढून जोडला आहे : पदपथ कोठें आहे, कोठें तुटतो, विजेची पेटी किती फूट सरकवावी लागेल, गटारावर किती झांकणें हवींत, रात्रीं बंद असणारे दिव्यांचे खांब कोणते. नातीनें त्यांत रंग भरले. मागणी उड्डाणपुलाची नाहीं, केवळ सलग सहा फूट रुंदीच्या पदपथाची आणि शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांची आहे. पट्टे दर पावसाळ्यानंतर पुन्हां ओढावे, असें शेवटीं वेगळ्या ओळींत लिहिलें आहे.

तो अर्ज मीं स्वतः इंद्रभुवनांत, म्हणजे आमच्या महानगरपालिकेच्या कचेरींत, नेऊन दिला. चौघांपैकीं दोघे भेटले. एकानें नकाशा उलटा धरला होता, पण तो सरळ करून बराच वेळ पाहिला. आवक क्रमांकाची पोंच मजजवळ आहे. येत्या सोमवारीं मी पुन्हां जाणार आहें.